चाक लागलं की थांबायचं

मित्रांनो, मी एक जुना सागवानी उंबरठा आहे. पण माझ्या डोक्यावर चौकट नाही, दारही नाही. घराच्या तोंडाशी मला शोधायला गेलात तर मी तिथे सापडणार नाही. अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या गावठाणात, रोझारिओच्या घराला लागून एक गॅरेज आहे. त्या गॅरेजात, मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर, मी जमिनीत बसवलेला आहे. इथे मी कसा आलो आणि इथे काय काय घडलं, तेच मला सांगायचं आहे.

माझं झाड डहाणूकडच्या रानात होतं. तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतो तो खंडू सुतार. रोझारिओच्या वडिलांनी घर बांधायला काढलं, तेव्हा खंडूने मला रंधा मारून गुळगुळीत केलं. दोन पानी दाराचा उंबरठा तो! पाच फूट लांब, सहा इंच रुंद आणि जवळजवळ तेवढाच उंच. काम झाल्यावर खंडूने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हा तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत हलणार नाही."

घर बांधून दोन वर्षं झाली आणि रोझारिओ जन्मला. रांगत रांगत तो पहिल्यांदा माझ्यापाशी आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. मला धरून उभा राहिला आणि पलीकडे पालथा पडला. म्हणून मी अजूनही त्याचा उल्लेख एकेरीतच करतो. त्याच्या आईने मला खोटं खोटं मारलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उंबरठ्याला तेवढं सोसावंच लागतं.

पन्नास वर्षं मी त्या दारात होतो. भाताच्या पेंढ्या, लग्नाचे बँडवाले, शेवटच्या प्रवासाला निघालेली माणसं, सगळे माझ्यावरून गेले. रोझारिओशी लग्न होऊन मॉनिका आली तीही माझ्यावरूनच. तिचा पाय माझ्या कडेला लागला तेव्हा तिने वाकून मला हात लावला होता, ते मी विसरलेलो नाही.

मग गावठाणाच्या बाजूने रस्ता आला. रोझारिओच्या भाताच्या शेताचा एक तुकडा त्यात गेला. रोझारिओ तेव्हा गोदीत फोरमन होता. शेत गेलं म्हणून तो महिनाभर कुणाशी नीट बोलला नाही. मग एके दिवशी उठला आणि एक जुनी, काळी मॉरिस गाडी घेऊन आला. एकसष्ट साल होतं ते. अख्खं गावठाण गाडी बघायला जमलं. रोझारिओ बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "शेतावरून रस्ता गेला ना? आता रस्त्यावरून मी जाणार."

गाडी आली म्हणून गॅरेज आलं. गॅरेजसाठी बाजूची पडवी मोकळी केली आणि त्याच खटपटीत घराचं पुढचं दारही नवं झालं. नव्या दाराला सिमेंटची पायरी आली. मला पहारीने उपटलं आणि विहिरीशेजारी टाकलं. एका दिवसात मी घराचा उंबरठा होतो तो नुसतं लाकूड झालो. बायका माझ्यावर धुण्याची बादली ठेवत. कोंबड्या माझ्यावर बसून अंग झाडत. मित्रांनो, पन्नास वर्षं काम केलेल्याला रिकामं पडून राहणं फार जड जातं.

त्या पडवीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक खोली होती. ती रोझारिओने दशरथ आणि वनमाला या जोडप्याला भाड्याने दिली होती. दोघं मालवणकडचे, नुकतंच लग्न झालेले. दशरथ साकीनाक्याला ट्रकदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. वनमाला बोलायला फटकळ, पण मनाने साफ. गॅरेज आणि त्यांची खोली यांच्यामधली भिंत एका विटेची, तीही विटा कडेवर उभ्या करून बांधलेली. पडवी होती तेव्हा तेवढी पुरत होती. आता तिच्यासमोर गाडी उभी राहणार होती.

रोझारिओ रस्त्यावर गाडी चांगली चालवायचा. पण गॅरेजात शिरला की त्याला कुठे थांबायचं ते कळायचं नाही. गाडीचं नाक सीटवरून दिसत नसे. मग मॉनिका भिंतीशी उभी राहायची आणि हात हलवायची. "येऊ दे, येऊ दे... अजून... बस! अरे बस म्हटलं ना!"

"तू उशिरा बोलतेस!" रोझारिओ ओरडायचा.

"तू उशिरा ऐकतोस!" मॉनिका त्याच्या वर आवाज काढायची.

एका रविवारी मॉनिका चर्चमध्येच मागे थांबली होती. रोझारिओ एकटा गाडी घेऊन आला. मी विहिरीपाशी पडलो होतो. तिथून मला गॅरेजचं तोंड दिसत होतं. गाडी आत गेली, थोडी थांबली, पुन्हा थोडी सरकली आणि धप्प असा आवाज झाला. पाठोपाठ भिंतीपलीकडे भांड्यांचा असा काही गडगडाट झाला की विहिरीवरचे कावळे उडाले.

वनमाला चेपलेला पितळी तांब्या घेऊन बाहेर आली.

"अंकल, ह्या काय केल्यात? माजी फळयेवरची सगळी भांडी खाली पडली! माज्या डोक्यात पडली असती तर?"

"सॉरी गं बाय," रोझारिओ गाडीतून उतरत म्हणाला. तो पार ओशाळला होता. "मला वाटलं, अजून दोन हात जागा आहे."

"जागा आसा!" वनमाला म्हणाली. "पण ती माज्या खोलीत आसा!"

रोझारिओला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. भिंतीला बोटभर रुंद तडा गेला होता.

नंतर त्याने पुष्कळ उपाय केले. बाजूच्या भिंतीवर खडूने रेघ मारली. ती पुसली गेली. छपराला सायकलचा टायर टांगला. तो वाऱ्याने हलायचा. दशरथ हे सगळं रोज पाहत होता. एका संध्याकाळी तो विहिरीपाशी येऊन माझ्यावर बसला, बिडी पेटवली आणि विचार करत राहिला. मग त्याने खाली वाकून पाहिलं आणि माझ्यावर बोटाने टकटक केली.

"अंकल!" त्याने हाक मारली. "हे लाकूड तुम्हाला लागतंय?"

"ते? घराचा जुना उंबरठा आहे तो. घेऊन जा, चुलीला होईल."

"चुलीला कशाला? झकास सागवान आहे."

दुसऱ्या दिवशी दशरथने कारखान्यातून तीन लांब लोखंडी मेखा आणल्या. दोघांनी गाडी हाताने ढकलत गॅरेजात नेली. नाकापासून भिंत वीतभर राहिली तेव्हा थांबवली. मग मला पुढच्या दोन्ही चाकांना टेकवून आडवं ठेवलं, खाली जमीन खणून मला बसवलं आणि मेखा ठोकल्या. मेख शिरताना दुखलं. पण आपण पुन्हा कामाला लागलो, हे कळत होतं, म्हणून दुखणं गोड वाटलं.

दशरथ हात झाडत म्हणाला, "आता डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, अंकल. चाक लागलं की थांबायचं."

"म्हणजे हा मला अडवणार?"

"अडवणार नाही. सांगणार. जोरात आलात तर याच्यावरून चढाल आणि पलीकडे जाल. हळू आलात तरच याचं म्हणणं तुम्हाला कळेल."

मित्रांनो, माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं.

पहिल्या दिवशी रोझारिओ इतका हळू आला की गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चाकं माझ्यापर्यंत पोहोचली. रबर लाकडाला लागलं, गाडी जराशी हलली आणि उभी राहिली. रोझारिओ उतरला. त्याने पुढे जाऊन गाडी आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. बरोब्बर वीत! "मॉनिका," त्याने हाक मारली, "तुझी नोकरी गेली!"

माझी ही वर्षं सुखाची होती. गाडी रोज संध्याकाळी यायची, मला टेकायची आणि थांबायची. रोझारिओचा हात इतका बसला की चाक लागलं की नाही, ते मलाच कधी कधी कळायचं नाही. शेजारचा कॉस्मस भाजीचा टेंपो चालवायचा. त्याने मला पाहिलं आणि आपल्या अंगणातही एक ओंडका ठोकून घेतला. तो ओंडका आंब्याचा होता. दोन वर्षांत कुजला. सांगायला नको, पण मला बरं वाटलं.

त्रेसष्ट साली एका पहाटे दशरथ धावत आला. वनमालाला कळा सुरू झाल्या होत्या. रोझारिओ नाइट ड्रेसवरच गाडीत बसला आणि तिला इस्पितळात घेऊन गेला. आठवड्याने त्याच गाडीतून वनमाला परत आली, मांडीवर शुभाला घेऊन. खोली लहान, त्यामुळे शुभाचा पाळणा या भिंतीलगतच बांधला. माझ्या अलीकडे गाडी उभी, पलीकडे ते पोर झोपलेलं. मध्ये वीतभर जागा आणि एका विटेची भिंत.

"भिती वाटणा नाय गे तुका?" एका शेजारणीने वनमालाला विचारलेलं मी ऐकलं.

"कसली भिती? अंकल आता बरोबर थांबतत," वनमाला म्हणाली.

शुभा मोठी झाली. पाळणा गेला आणि त्या जागी ती अभ्यासाला बसू लागली. भिंतीला पाठ लावून ती मोठ्याने पाढे म्हणायची. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण वीसपर्यंतचे पाढे मी तिच्याकडून शिकलो.

रोझारिओची मुलगी आयरीन. ती लहान असताना एकदा बॉनेटवर बसून पाय हलवत होती. तेव्हा रोझारिओ तिला म्हणाला होता, "तुझ्या लग्नात तुला चर्चला मी नेणार. मीच चालवणार हां, दुसरा कोण नाही." आयरीनने खाली उडी मारून त्याच्याशी हात मिळवला होता. तो बोलणं विसरणारा माणूस नव्हता.

एकोणसत्तर साली रोझारिओ गोदीतून निवृत्त झाला. मग गाडी हेच त्याचं काम झालं. गावठाणात कुणी आजारी पडलं, कुणाला स्टेशनवर सोडायचं असलं, की लोक त्यालाच सांगायचे. कुणी हाक मारली की तो टोपी घालून तयार. त्याचं म्हातारपण त्या गाडीवर उभं होतं.

आणि मग काहीतरी बिघडलं. ते सगळ्यांत आधी मला कळलं.

आधी दोन्ही चाकं एकदम टेकायची. आता डावं चाक आधी लागू लागलं. म्हणजे गाडी तिरकी येत होती. मग टेकण्याची टक्कर झाली. हळूच थांबणारी गाडी आता मला धक्का मारून थांबू लागली. माझ्या डाव्या टोकाची मेख हलायला लागली. एकदा रोझारिओने फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासलं आणि खांबालाच शिव्या दिल्या.

मॉनिका पुन्हा भिंतीशी येऊन उभी राहू लागली.

"तू कशाला आलीस?" रोझारिओ विचारायचा.

"कोंबड्या आत शिरतात, त्यांना हाकलायला," मॉनिका म्हणायची. गॅरेजात एकही कोंबडी नसायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं. मुंबईत ब्लॅकआउट. गाड्यांच्या हेडलाइटना अर्धा काळा रंग फासायचा हुकूम आला. रोझारिओला कारण मिळालं. "दिव्याला काजळ लावलंय, दिसणार काय डोंबल?" तो म्हणायचा. सगळ्यांना पटायचं. मलाही पटावंसं वाटलं. पण युद्ध पंधरा दिवसांत संपलं. त्याने ब्लेडने दिव्यांवरचा रंग खरवडून काढला. दिवे लख्ख झाले. गाडी मला पूर्वीसारखीच ठोकत राहिली.

दशरथने माझी मेख दोनदा हातोड्याने आत ठोकली. दुसऱ्या वेळी तो बराच वेळ माझ्यापाशी उकिडवा बसून राहिला. मडगार्डवरच्या खरचटलेल्या रंगावरून त्याने बोट फिरवलं. तो फिटर होता, त्याला सगळं कळत होतं. पण घरमालकाला, तेही वडिलांच्या वयाच्या माणसाला, काय आणि कसं सांगायचं? तो उठला आणि निघून गेला. मी तर लाकूडच. ज्याला कळत होतं, तो प्रत्येक जण गप्प होता.

आयरीनचं लग्न ठरलं होतं. फेब्रुवारीतला पहिला रविवार, चाळीस दिवसांचा उपास सुरू होण्याआधी. घराला रंग लागला. रोझारिओने गाडीलाही पॉलिश केलं. डाव्या मडगार्डवर त्याने जास्तच घासलं.

जानेवारीतली एक दुपार. चारचा सुमार असेल. मॉनिका लग्नाच्या कामाला चर्चमध्ये गेली होती, आयरीन ऑफिसात. दशरथची त्या आठवड्यात पहिली पाळी होती, तो घरी येऊन अंगणात हातपाय धूत होता. भिंतीपलीकडे शुभा पाढे म्हणत होती.

"तेरा चोक बावन्न... तेरा पंचे पासष्ट..."

गाडीचा आवाज आला. रोझारिओ एका म्हातारीला दवाखान्यात सोडून परतला होता. उन्हातून तो एकदम सावलीत शिरला. गाडीचा वेग नेहमीपेक्षा जास्त नव्हता. पण कमीही झाला नाही.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर..."

डावं चाक मला धडकलं. माझी डावी मेख उपसून आली. चाक माझ्यावर चढलं, मी पन्नास-साठ वर्षांत कधी कण्हलो नव्हतो तसा कण्हलो, आणि गाडीचं सगळं वजन माझ्यावरून पलीकडे गेलं. भिंत फुगली. विटा पलीकडे कोसळल्या. धूळ उडाली. गाडी बंद पडली.

आणि भिंतीपलीकडचा पाढा थांबला.

मित्रांनो, ती शांतता किती वेळ होती ते मला सांगता येत नाही. कदाचित दोन श्वासांएवढी असेल. रोझारिओने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मग पलीकडून शुभा जोरात रडली. ते रडणं ऐकून मला जेवढा आनंद झाला, तेवढा कधीच झाला नव्हता.

वनमालाने तिला उचलून बाहेर आणलं. घसरलेली पेन्सिल घ्यायला ती दोन हात पुढे सरकली होती, म्हणून वाचली. पायाला खरचटलं होतं. विटा तिच्या दप्तरावर पडल्या होत्या. ती जिथे रोज पाठ टेकून बसायची, नेमक्या तिथे.

"तुमका दिसणा नाय काय?" वनमाला ओरडली. "माजा चेडू गेला असता! दिसणा नाय काय तुमका?"

माणसं जमली. कॉस्मस पुढे झाला. "काय झालं, रोझारिओ? ब्रेक फेल झाला काय?"

रोझारिओने त्याच्याकडे पाहिलं. "हां," तो म्हणाला. "ब्रेक... ब्रेकच लागला नाही."

रोझारिओला उतरवून दशरथ ओल्या पायांनीच गाडीत बसला. त्याने ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. मग तो उतरला आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "मी बघतो. खोलून बघावं लागेल. जावा आता तुम्ही." लोक पांगले. वनमाला शुभाला घेऊन मॉनिकाच्या ओटीवर जाऊन बसली. गॅरेजात दोघंच राहिले.

"अंकल, ब्रेक ठीक आहे," दशरथ हळू आवाजात म्हणाला.

रोझारिओ हाताने मडगार्डवरची धूळ पुसू लागला.

"तुम्ही समोर भिंतीकडे बघा. मान हलवू नका." दशरथ त्याच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर उभा राहिला आणि त्याने हातोडा उचलून धरला. "माझ्या हातात काय आहे?"

रोझारिओ समोर बघत राहिला.

"तू कुठे आहेस, दशरथ?" त्याने विचारलं.

दशरथने हातोडा खाली ठेवला. रोझारिओ माझ्याशेजारी जमिनीवरच बसला.

"समोरचं दिसतं रे," तो म्हणाला. "बाजूचं नाही दिसत. पडदा ओढल्यासारखं आहे, रोज थोडा थोडा पुढे येतो. दिवाळीत परळच्या डॉक्टरकडे गेलो होतो. काचबिंदू म्हणाला. गेलं ते परत येणार नाही म्हणाला. गाडी बंद करा म्हणाला."

"आंटीला सांगितलंत?"

"कुणाला नाही सांगितलं. कागद गाडीतच आहे, खणात. मला वाटलं, एवढं आयरीनचं लग्न होऊ दे. पंधरा दिवस राहिले रे फक्त. तिला चर्चला नेऊन सोडतो आणि मग चावी ठेवून देतो."

दशरथ त्याच्या शेजारी बसला. "मला दोन महिने कळत होतं," तो म्हणाला. "मी मेख ठोकत बसलो. तुम्हाला बोलायला पाहिजे होतं. आज माझ्या पोरीचं काही झालं असतं ना, तर मी तुम्हाला माफ केलं नसतं. आणि मला पण नाही."

रोझारिओ उठला. चाचपडत तो ओटीकडे गेला. तिथलं बोलणं मला ऐकू आलं.

"शुभा, बाय, लागलं काय तुला?"

"माझी पाटी फुटली, अंकल," शुभा हुंदके देत म्हणाली. "आणि तेराचा पाढा अर्धाच राहिला."

मॉनिका त्याच वेळी परत आली होती. मग मी रोझारिओला रडताना ऐकलं. वडील गेले तेव्हाही तो रडला नव्हता.

दशरथने गाडी मागे घेतली. संध्याकाळी आयरीन आली ती थेट गॅरेजातच. भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भोक पडलं होतं. रोझारिओ त्याच्यासमोर स्टुलावर बसला होता. खणातला कागद त्याच्या हातात होता. त्याने तो तिच्यापुढे धरला.

"पप्पा, हे दिवाळीचं आहे!" वाचून ती म्हणाली. "तू तीन महिने आम्हाला घेऊन फिरतोस?"

"मी तुझ्याशी हात मिळवला होता," रोझारिओ म्हणाला. "चर्चला मी नेणार म्हणून. आता नाही नेऊ शकत. माझा शब्द खोटा झाला."

आयरीन त्याच्यापुढे खाली बसली. तिला राग आला होता. तो तिच्या आवाजात होता, पण हळूहळू कमी होत गेला.

"ऐक. तू गाडी चालवणार म्हणजे पुढे बसणार. मी मागे एकटी. मला इतकी भीती वाटते त्या दिवसाची, माझा हात कोण धरणार? कधी विचार केलास? ड्रायव्हर काय नवरीजवळ बसतो, पप्पा?"

रोझारिओ तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. समोरचं त्याला अजून दिसत होतं. मग त्याने खिशातून चावी काढली आणि दशरथला हाक मारली.

"तुझं लायसन आहे ना?"

"ट्रकचं पण आहे," दशरथ म्हणाला.

"मग ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही."

"नाही देणार," दशरथ म्हणाला, आणि चावी त्याने खिशात टाकली.

लग्नाआधी ती भिंत पाडून नवी बांधली. या वेळी जाड, नऊ इंची. रोझारिओ स्वतः गवंड्याजवळ उभा राहिला. शुभाला नवी पाटी आली, पण ती आता खोलीच्या दुसऱ्या बाजूला बसू लागली. तिची भीती जायला वर्ष लागलं. मला तीन नव्या मेखा ठोकल्या. माझ्या अंगावर चाक चढल्याची चीर पडली ती मात्र गेली नाही.

लग्नाच्या सकाळी गाडीला पांढऱ्या फिती लावल्या. दशरथ इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसला. मागे आयरीन, आणि तिच्या शेजारी सुटाबुटातला रोझारिओ. दोघांनी एकमेकांचा हात धरला होता. गाडी मागे मागे जात उन्हात गेली, पुढे बँड वाजू लागला. चर्चमध्ये काय झालं ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी लेक सासरी गेल्यावर गाडी परत आली. दशरथ तिला हळूहळू आत घेत होता. रोझारिओ मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. चाकं मला अगदी अलगद टेकली.

"लागलं," मागून रोझारिओ म्हणाला. "बस."

दशरथ थांबला.

त्यालाही आता सात वर्षं झाली. रोझारिओला पूर्ण दिसेनासं झालं, तशी गाडी विकली. गॅरेजात आता लाकूडफाटा, मोडकी खुर्ची आणि शुभाची सायकल असते. तिचं हे मॅट्रिकचं वर्ष आहे. दुपारी ती रोझारिओला पेपर वाचून दाखवते. तो मधेच चुका काढतो आणि ती त्याच्याशी भांडते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. उजव्या टोकाला वाळवी लागली आहे. थोडं रॉकेल चोळलं तर अजून वीस वर्षं टिकेन, पण ते कुणाला सुचलेलं नाही.

मित्रांनो, घरात एखादं जुनं लाकूड पडलेलं असेल तर त्याला एकदम चुलीत घालू नका. त्याला अजून काही काम असू शकतं. आणि मोठे व्हाल, गाडी चालवाल, तेव्हा गॅरेजात शिरताना हळू या. भिंतीपलीकडे कुणीतरी पाठ टेकून बसलेलं असतं.

आणखी एक. तुमच्या घरातलं एखादं माणूस अडखळू लागलेलं दिसलं, वस्तूंना धडकू लागलेलं दिसलं, तर मेखा ठोकत बसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.